व्हिएन्नातला रविवार

"स्वयंसेवी संस्थांची तुलना करताना ऑस्ट्रिया घ्या, नाहीतर शेजारचं हंगेरी. माणूस शेजाऱ्यांसाठी आपला रविवार देतो का, एवढंच मी मोजलं," मी लॅपटॉपसमोर ठासून सांगत होतो. पडद्यावर व्हिएन्नाच्या प्राध्यापिकाबाई मान डोलावत होत्या.

मी होतो पुण्यात, घरच्या खुर्चीत. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र कालच कळवलं होतं, "परिषदेसाठी व्हिएन्नात आहे. टाकी धुवायला येता येणार नाही." पुढे विमानाचं चित्रसुद्धा टाकलं होतं.

"तुमच्या मागे गच्चीवर ते कोण?" बाईंनी मध्येच विचारलं.

मी वळलो. उकडतंय म्हणून खिडकीचा पडदा मीच सरकवला होता. समोरच्या गच्चीवर पायजमे गुडघ्यापर्यंत दुमडून सगळे शेजारी टाकी धूत होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बोडसकाकूसुद्धा खुर्चीत बसून खराटा चालवत होत्या.

"सर, व्हिएन्नात पण उकडतंय का हो?" सेक्रेटरी पठारे तिकडून ओरडले.

"अहो, बोलू द्या की त्यांना," काकू म्हणाल्या. "सर, पाणी आधी तुमच्याकडे सोडायला सांगते हं. प्रवासानं दमला असाल."

"माझे शेजारी आहेत. सोसायटीची टाकी धुतायत," मी बाईंना कसंबसं सांगितलं.

"वा! आणि त्यांच्यासाठी तुम्ही किती रविवार दिलेत?"

नेट अडकलंय असं वाटावं म्हणून मी तोंड अर्धवट उघडं ठेवून, पापणीही न लववता बसून राहिलो.

माझ्या मागे काकूंचा खराटा मात्र हलत होता.