निवट्यांची पाटी

रंभाबाईने पाटी ओट्यावर उतरवली तेव्हा ओल्या गोणपाटाखाली निवट्या, खाडीच्या चिखलातले ते बोटभर मासे, टणाटण उड्या मारत होत्या. माहेरी आलेल्या लेकीला, हंसाला, आठव्या महिन्यात निवट्यांच्या कालवणाचे डोहाळे लागले होते. पूर्वी घरामागच्या नाल्यात त्या ढिगाने मिळायच्या. आता नाल्यातून कारखान्यांचं पाणी वाहतं. म्हणून बाई पहाटेच माकुणसारला भावाकडे गेली, तिथल्या खाडीत गुडघाभर चिखलात उतरली आणि ऊन चढायच्या आत परतली.

"अंग सुकलं का मेल्याच समज," ती हंसाला म्हणाली. "निवटी अंगानं दम घेते." आणि सवयीने कळशीतलं नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी पाटीवर शिंपडून ती मसाला वाटायला बसली.

चुलीवर त्याच पाण्याचा, हंसाच्या अंघोळीचा हंडा तापत होता. महिनाभर रंभाबाईच तिला न्हाऊ घालत होती, पोटावर तांब्यातांब्याने पाणी सोडत होती. पोटाला खाज सुटली तशी बाई उलट खूश झाली. बाळाला जावळ येतंय म्हणाली आणि खोबरेल चोळून मोकळी झाली. प्यायला घरात विकतचा जार यायचा. अंगावर घ्यायच्या पाण्याचं एवढं कोण बघतं?

वाटण झालं. पाटीत काहीच हलत नव्हतं.

"दमल्या असतील, आये," हंसा म्हणाली.

शेजारणीसाठी चार निवट्या रंभाबाईने खाडीच्या चिखलासकट डब्यात वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या अजून टुणटुणीत होत्या. तिने त्यातली एक वाटीत घेतली, कळशीतलं ओंजळभर पाणी तिच्यावर सोडलं आणि बघत बसली. निवटीने दोनदा अंग आखडलं. मग ती तशीच पडून राहिली.

रंभाबाईची नजर लेकीच्या पोटावर गेली.

"हंसा, भावेशरावांना फोन लाव. आजच बायकोला न्यायला या म्हणावं."

"असं काय करते? पयलं बाळंतपण हाय. माहेरातच करतात ना?"

"नाय करायचं."

"आये, आमी पण ह्याच पाण्यावर मोठे झालो."

"तवा ह्या नाल्यात निवट्या होत्या."

तिने चुलीतली लाकडं ओढली. तापलेला हंडा अंगणाच्या कडेला नेऊन ओतला. बाळंतपणासाठी जमवलेला डिंक आणि खारका फळीवरून काढून हंसाच्या पिशवीत भरल्या. या घरात बाळाचं रडणं ऐकायला ती वर्षभर आसुसली होती.

हंसाला हुंदका फुटला. तिचे डोळे पुसायला रंभाबाईने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. हात विहिरीच्या पाण्याने ओला होता. तिने तो पदराला पुसला. पुन्हा पुसला. तरी लेकीच्या गालाला लावायचं तिला धाडस झालं नाही.