दादाचा कडेकोट बंदोबस्त

आमचा दादा ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत सुरक्षाप्रमुख आहे. घरून मीटिंग असली की त्याचं ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं. "तुमचा ब्राउझर देत असेल वेबसाइटला लोकांच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या यंत्रांना हात लावू, आमचा मेला तरी देणार नाही. लोकांना काय कळतं? समोर येईल त्यावर न वाचता 'हो' दाबतात!" चार वर्षं हेच तुणतुणं. आजही त्याने दुसऱ्या कंपनीवाल्यांना गप्प केलं आणि लढाई जिंकल्यासारखा बाहेर आला.

बाहेर बाबा कानाचं नवं मशीन घेऊन बसले होते. त्याचा आवाज वेबसाइटवरून कमीजास्त करायचा होता. दादाने आपल्या कंपनीच्या लाडक्या ब्राउझरमध्ये ती उघडली, तर पाटी आली: 'या ब्राउझरला मशीन जोडता येत नाही. त्याऐवजी आमचा प्रोग्राम डाउनलोड करा.'

दादाने मुकाट्याने केला. प्रोग्रामने फायली मागितल्या, कॅमेरा मागितला, शेवटी अख्खा कॉम्प्युटरच मागितला.

"काय विचारतोय रे तो एवढं?" बाबा म्हणाले.

"काही नाही, बाबा!" दादा त्यांच्या कानाशी ओरडला, आणि एक अक्षर न वाचता तिन्ही वेळा 'हो' दाबून मोकळा झाला.