चरातली मोजणी

गेली तीन वर्षं डाऊवे मास्तर पाचवीच्या मुलांना शाळेमागच्या चरावर पाण्यातले जीव मोजायला न्यायचे आणि मुलं जाळ्यात नुसता चिखल घेऊन परतायची. फ्रिसलंड प्रांतातल्या, आसपासच्या कुरणांवरचं खत पाण्यात उतरलं होतं. त्यात काही जगत नव्हतं. यंदाची मोजणी निवृत्त होणाऱ्या मास्तरांची शेवटची. मोजणीची रिकामी तबकं पुन्हा बघायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. म्हणून शाळा भरण्याआधीच त्यांनी आपल्या अंगणातल्या तळ्यातल्या बादलीभर गोगलगायी चरात सोडल्या होत्या.

“मास्तर, तेवीस!” श्यूर्ड ओरडला. “तुमच्या डोक्यावर एवढे केसही नाहीत!”

सगळी पोरं खिदळली. एकटी यित्स्के हसली नाही. ती चरावरच्या पुलापलीकडेही जाळं फिरवून आली होती.

“तिकडे एकही नाही,” ती म्हणाली. “सगळ्या इथेच, एवढ्याशा जागेत.”

“मग तुला काय वाटतं?” मास्तरांनी नेहमीच्या सवयीने विचारलं.

“कुणीतरी आणून सोडल्यात.”

“कशाला सोडेल कुणी?”

यित्स्केने त्यांच्या थकलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि श्यूर्डला ऐकू जाणार नाही इतका आवाज खाली आणला.

“आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. पण ह्या परत घरी घेऊन जा, मास्तर, इथे मरतील. आणि मोजणीच्या तक्त्यात मी शून्यच लिहिते हं.”