उताराकडे तोंड

मर्लने पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर नुसता घरघरत राहिला, इंजिन काही पेटेना. खिडकीबाहेर लायल हाताची घडी घालून उभा होता, आणि त्याच्या ट्रकमध्ये गाडी ओढून न्यायचा दोर तयार होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तिचा नवरा होता तेव्हा दहा हाका मारल्याशिवाय जागचा हलत नसे. घटस्फोटाला दोन वर्षं झाल्यावर मात्र स्वारी न बोलावता हजर.

"म्हातारी झालीय गाडी," तो म्हणाला. "मालकिणीसारखीच. दे मला, ओढून नेतो."

"तुझ्या हातात देण्यापेक्षा जाळून टाकीन."

समुद्राकडे उतरत जाणाऱ्या कॅम्पच्या वरच्या टोकाला, फाटकापाशी, व्यवस्थापक ग्लेनिस यादी घेऊन उभी होती. वणव्याचा मोसम सुरू व्हायच्या आदल्या सकाळी इथल्या प्रत्येक गाडीने स्वतःच्या इंजिनावर फाटकापर्यंत जाऊन दाखवायचं, हा नियम. दहापर्यंत जी हलणार नाही तिची जागा गेली. मर्लला या कॅम्परव्हॅनशिवाय दुसरं घर नव्हतं, आणि लायलला ते पक्कं ठाऊक होतं. पावणेदहा होत आले होते.

"इंजिन तापवणारे ग्लो प्लग गेलेत तुझे," लायल म्हणाला. "चारही. अ‍ॅडलेडहून यायला आठवडा लागेल. लिहून घे."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. मागे जा आणि धूर कसला येतोय ते सांग."

तो कुरकुरत मागे गेला. मर्लने किल्ली फिरवली.

"धूर नाही."

"पांढरा? थोडासुद्धा?"

"नाही म्हटलं ना."

"मग प्लग गेलेले नाहीत," मर्ल खाली उतरत म्हणाली. "प्लग गेले असते तर न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर आला असता. इथे डिझेल इंजिनापर्यंत पोचतच नाहीये."

लायलचं तोंड वाकडं झालं. "कुणी शिकवलं तुला हे?"

"अठ्ठावीस वर्षं टॉर्च धरून शेजारी मीच उभी असायचे. 'इकडे धर, तिकडे धर' करत होतास ना? डोळे मिटून नव्हते धरत."

मर्लने पुढचं झाकण उघडलं. टाकी भरलेली होती, फिल्टर तिने गेल्याच महिन्यात बदलला होता. मग अडतंय कुठे?

"तू होतास तोवर एका फटक्यात चालू व्हायची," ती जवळजवळ स्वतःशीच म्हणाली. "तू गेलास आणि हिची नाटकं सुरू झाली."

तिथे लायलला राहवलं नाही. शहाणपणा मिरवायची संधी त्याने जन्मात सोडली नव्हती. "कारण मी तिला कधी चढाकडे तोंड करून लावली नाही, बाई! टाकी मागे आहे. कुठेतरी पाइप हवा ओढतो. तोंड वर ठेवलं की रात्रभरात सगळं डिझेल मागे टाकीत उतरतं. टॅस्मानियात असतानाच कळलं होतं मला."

"मग पाइप का नाही बदललास?"

"कशाला? उताराकडे तोंड करून लावली की काम भागतं."

मर्लचा हात झाकणावरच थांबला. जिथे जिथे मुक्काम पडे तिथे हा माणूस अर्धा अर्धा तास पुढेमागे करून गाडी पाण्याकडे तोंड करून लावायचा. वर म्हणायचा, तुझ्यासाठी, मर्ल. चहा पिताना तुला समुद्र दिसावा म्हणून. त्या सगळ्या लग्नातली एवढी एकच गोष्ट तिने चांगली म्हणून जपून ठेवली होती. तो सोडून गेला तेव्हा तिला तो समुद्र बघवेना, म्हणून तिने गाडी फिरवून फाटकाकडे तोंड करून लावली होती. चढाकडे.

"माझ्यासाठी म्हणायचास."

"आणि तू खरं मानायचीस," लायल हसला.

तिला रडू आलं असतं, पण त्याच्यासमोर रडण्याची तिची मुळीच इच्छा नव्हती. तिने फिल्टरवरच्या हातपंपाच्या बटणावर अंगठा ठेवला आणि दाबू लागली. आधी बटण पोकळ लागत होतं. तीस-चाळीसदा दाबल्यावर ते घट्ट झालं आणि खालच्या जुन्या रबरी पाइपाच्या टोकाशी डिझेलचा एक थेंब फुगला. इथूनच हवा शिरत होती. तिने पेचकस घेऊन त्यावरची पट्टी आवळली.

लायलचं हसू विरलं. "जास्त आवळू नकोस, तुटेल," तो म्हणाला. ती झाकण आपटून गाडीत जाऊन बसलीसुद्धा.

तिने किल्ली अर्धी फिरवली आणि प्लग तापून पिवळा दिवा विझेपर्यंत थांबली. लायलला एवढा धीर कधीच नसे. मग तिने किल्ली पूर्ण फिरवली. इंजिन खोकलं, पांढऱ्या धुराचा लोट थेट मागे जाऊन उभ्या राहिलेल्या लायलच्या तोंडावर गेला आणि गाडी सुरू झाली.

फाटकापाशी ग्लेनिसने घड्याळ बघून खूण केली. "जीव टांगणीला लावलात, मर्ल. चारच मिनिटं उरली होती."

मर्ल गाडी वळवून परत आली. लायल अजून तिथेच होता, डोळे चोळत दोर गुंडाळत होता. तिने गाडी पुढेमागे केली आणि समुद्राकडे तोंड करून लावली.

"शेवटी माझंच ऐकलंस," तो म्हणाला.

"पाइप मी उद्या बदलतेय."

"मग तिकडे तोंड कशाला?"

मर्लने इंजिन बंद केलं. "समुद्र दिसतो," ती म्हणाली आणि त्याच्या बाजूची काच वर केली.