पांढऱ्या माशीची स्वयंपाकीण

ठोंबरे मॅडमनी पिंजऱ्यातल्या वांग्याच्या पानाला टिचकी मारली आणि पांढऱ्या माश्यांचा धुरळा उडाला. मॅडमच्या नव्या औषधानं माश्यांच्या पोटातले, त्यांना जीवनसत्त्व पुरवणारे जिवाणू केव्हाच मेले होते, पण माश्या ठणठणीत होत्या.

कारण आज सकाळीच सापडलं होतं. जीवनसत्त्व तयार करणारं त्या जिवाणूंचं जनुक, कोण जाणे किती युगांपूर्वी, माशीच्या स्वतःच्या गुणसूत्रात येऊन बसलं होतं. मॅडमनी तिथं कधी शोधलंच नव्हतं.

दारात कौसल्याताई उभ्या होत्या. प्रयोगासाठी त्यांनी आपलं वांग्याचं वावर दिलं होतं. आता त्यांच्या ओच्यात चिकट, काळी पडलेली पानं होती.

"म्याडम, माशीच्या पोटात स्वयंपाकीण असते, तिले मारलं का माशी उपाशी मरते, असं तुमीच म्हनल्या होत्या ना? म्हनून म्या यंदा तुमचंच औषध मारलं, दुसरं काई नाई. सारं वावर गेलं."

'आणखी आठ दिवस थांबा' हे शब्द मॅडमच्या ओठांवर आले. त्यांनी ते गिळले.

"ताई, स्वयंपाकीण मेली. पण फार पूर्वीच ती मालकिणीला रांधायला शिकवून बसली होती. मला ते आज कळलं."

कौसल्याताईंनी ओच्यातली पानं मॅडमच्या टेबलावर, सूक्ष्मदर्शकाशेजारी, एकेक करून ठेवली.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "मालकिणीले रांधता येते का, हे माहं वावर मागाच्या आधी नाई पाहाचं?"