उसातली नोंद

लोणीत कुणाला बिबट्या दिसला की त्यानं माझ्या ॲपवर नोंद करायची, आणि पहाटे ॲपनं सगळ्या गावाला संदेश पाठवायचा. त्यासाठी गावानं शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कारही केला होता.

या नोंदींचा डेटाबेस सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एका बंद डब्यात चालायचा. कंटेनर काढून नवा लावला की आतली माहिती जाते. ती टिकवायला बाहेरचं फोल्डर जोडावं लागतं. मी ते जोडलंच नव्हतं.

एका संध्याकाळी कुणीतरी धर्माजींच्या उसात बिबट्या असल्याची नोंद केली. तासाभरानं मी कंटेनर बदलला. पहाटे कुणालाच संदेश गेला नाही, आणि धर्माजींची बायको साळुबाई त्या उसात गवताला गेली.

तिच्या दहाव्याला मी गेले होते. नोंद पुसली गेल्याचं फक्त मला माहीत होतं. मी पंगतीत जेवून आले.

आज दुपारी नारायणगावच्या ऑफिसात मी फोल्डर जोडून नवा, रिकामा डेटाबेस सुरू केला. त्यात एक नोंद होती. नाव साळुबाई, ठिकाण ऊस, वेळ आत्ताची.

मी फोल्डरसकट सगळं पुसून पुन्हा सुरू केलं. नोंद तिथंच होती. असं मी तीनदा केलं.

मग धर्माजींचा फोन आला.

"अक्षदा, एक नोंद घे पोरी," ते सावकाश म्हणाले. "दुपारधरनं उसातनं तिचं वरडणं ऐकू येतंय. तीनदा मधीच थांबलं, अन् तीनदा परत पहिल्यापासनं सुरू झालं."