कल्पिताचे बूट

गिर्यारोहणाच्या शिबिरासाठी वाढवणच्या कल्पिताची निवड झाली, तेव्हा डहाणूच्या दुकानात तिने हलके, रंगीत बूट बाजूला सारून घोट्याच्या वर येणारे चामड्याचे जड बूट निवडले. "नवे बूट पायात रुळवूनच या, नाहीतर पहिल्याच चढावरून परत पाठवेन," शिबिराच्या बाईंनी फोनवर बजावलं होतं. किनाऱ्यावरच्या गावात चढ कुठला? मग ती रोज तेच बूट घालून, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आईबरोबर दारोदार फिरू लागली. टाचा सोलल्या, फोड फुटले. पट्ट्या चिकटवून ती चालत राहिली. हळूहळू चामडं मऊ पडलं. शेवटच्या दिवशी एक गिऱ्हाईक हसलं, "काय गं, बोंबील विकायला फौजेचे बूट?" कल्पिता ओशाळली. आई पाटी खाली ठेवून गल्लीभर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "हिमालयात चाललीय माझी पोरगी! उद्यापासून मी एकटीच येणार."